चकाकणारी माउझर की मळकट एनफिल्ड?

पत्र बरंच मोठं आहे म्हणून बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ‘नवा संग्राहक’ अशी सही करून एका तरुण मित्राने लिहिलंय, की दादा, मला शाळेपासून दुसऱ्या महायुद्धाचं वेड आहे, आता नोकरी लागली, थोडे पैसे साठलेत आणि संग्रहातली पहिली सर्प्लस, म्हणजे लष्कराच्या वापरातून निघालेली, रायफल घ्यायचीय. दोन समोर आहेत. एक जर्मन माउझर कार ९८ के, रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या मुख्य धातूच्या भागावर, ‘बीवायएफ ४३’ असा शिक्का, काळी कुळकुळीत, लाकूड चमचम करतंय, आणि विकणारा म्हणतोय सगळे नंबर मॅचिंग (सगळ्या भागांवर एकच नंबर), थेट स्टालिनग्राडच्या रणांगणावरून आलेली. दुसरी ली-एनफिल्ड नंबर ४, ‘लाँग ब्रांच १९४३’, मळकट, लाकडावर टवके, एका ठिकाणी जुनं ठिगळ, आणि किंमत बरीच कमी. मन माउझरवर बसलंय. आणि शेवटी विचारलंय की एनफिल्डच घ्यावी लागली तर लाकूड घासून पॉलिश मारून नव्यासारखी करता येईल का. सोबत दोन्हींचे भरपूर फोटो.

मित्रा, तू पैसे द्यायच्या आधी विचारलंस याचं खरंच बरं वाटलं, कारण अशी बहुतेक पत्रं व्यवहार झाल्यावर येतात आणि मग सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

सगळ्यात आधी कायदा, तो पटकन उरकतो पण हलक्यात घेऊ नकोस. तू जिथे राहतोस तिथे लष्करी कॅलिबरची रायफल ठेवता येते का, लायसन्स कोणतं लागतं, ते हातात यायच्या आधी व्यवहार करता येतो का, हे लायसन्स देणाऱ्या कार्यालयातूनच लेखी कळू दे, विकणाऱ्याच्या तोंडून नाही. काही देशांत ठराविक सालाआधीच्या बंदुकांना वेगळे नियम आहेत, काही ठिकाणी बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीला बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा, हाताने मागे-पुढे करायची) चालते पण सेमी-ऑटोमॅटिक चालत नाही, काही ठिकाणी फक्त डिॲक्टिव्हेट, म्हणजे कायमची निकामी केलेलीच घरात ठेवता येते, आणि जर्मनीसारख्या देशात स्वस्तिकाचं चिन्ह उघड मिरवण्यावरही बंदी आहे. कुणी ‘कागदपत्रं नंतर बघू’ म्हणाला तर तो व्यवहार तिथेच संपला असं समज. घरात ती कुलपात कशी राहील, बोल्ट वेगळा कुठे राहील, याचीही सोय रायफल यायच्या आधी व्हायला हवी.

आता तुझी माउझर. फोटो मी मोठे करून नीट बघितले, आणि तुलाही तेच करायला सांगतोय कारण सगळं त्यातच आहे. ‘बीवायएफ’ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, शत्रूला कारखान्याचा पत्ता लागू नये म्हणून जर्मनांनी असे अक्षरांचे कोड वापरले, आणि ‘४३’ म्हणजे १९४३ साल. इथपर्यंत सगळं ठीक. पण स्टालिनग्राडला जर्मन सैन्याभोवतीचा वेढा २३ नोव्हेंबर १९४२ ला पूर्ण झाला, त्यानंतर आत जे काही जात होतं ते विमानाने, आणि २ फेब्रुवारी १९४३ ला तिथली शेवटची तुकडी शरण आली. म्हणजे १९४३ साली बनलेली रायफल कारखान्यातून निघून, तपासण्या होऊन, अर्ध्या युरोपातून प्रवास करून त्या वेढ्यात पोचली असं मानायचं का? मला नाही पटत. विकणारा मुद्दाम खोटं बोलतोय असंही मी म्हणत नाही, त्यालाही कुणीतरी हीच गोष्ट सांगून विकली असेल. पण ज्या लढाईत लाखो माणसं गेली तिचं नाव किंमत वाढवायला चिकटवायचं हे मला मनापासून खटकतं.

पुढे बघ. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला फुलीसारखा शिक्का आहे, दोन तिरक्या रेघा. बोल्टवरचा नंबर ठोकलेला नाही, इलेक्ट्रिक पेन्सिलने कोरलेला आहे, रेघ बारीक आणि थरथरती, मॅगझिनच्या खालच्या पट्टीवरही तसाच. बोल्ट पूर्ण काळा केलेला आहे, आणि जर्मन कारखान्यातून बोल्ट बहुतेक वेळा पांढऱ्या धातूचे, न रंगवलेले निघायचे. नळी लाकडाला धरून ठेवणाऱ्या पुढच्या बँडवर आणि नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीवर जे बारीक आकडे आहेत ते रिसीव्हरच्या नंबरशी जुळत नाहीत. रिसीव्हरवर गरुडाच्या खालचं स्वस्तिकाचं चिन्ह कशानेतरी ठोकून सपाट केलेलं दिसतंय. आणि लाकडावरची ती चमक, जिच्यावर तू भाळलास, ती लाखेच्या व्हार्निशची आहे, जर्मन फिनिशची नव्हे.

ही सगळी लक्षणं एकत्र आली की उत्तर एकच निघतं, ही सोव्हिएत सैन्याने ताब्यात घेतलेली रायफल आहे. युद्धात आणि युद्धानंतर अशा रायफली ढिगाने त्यांच्या हाती लागल्या, त्या डेपोत खोलल्या गेल्या, साफ झाल्या, सुटे भाग एकत्र पडले आणि परत जोडताना कुठला बोल्ट कुठल्या रायफलचा हे कुणी बघितलं नाही, मग जोडून झाल्यावर रिसीव्हरचा नंबर बोल्टवर कोरला, लाकडाला लाखेचा हात मारला, ग्रीस फासलं आणि पुढच्या युद्धासाठी गोदामात ठेवल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्यातल्या खूपशा बाजारात आल्या. याला संग्राहक ‘फोर्स मॅच’ म्हणतात. म्हणजे नंबर जुळतात, पण ते डेपोने जुळवलेले आहेत, कारखान्यातले नाहीत.

याचा अर्थ ती खोटी आहे असा अजिबात नाही हां. ती अस्सल युद्धकाळातली रायफल आहे, तिचा स्वतःचा एक इतिहास आहे आणि तोही भारीच आहे, कारण दोन सैन्यांच्या खुणा एकाच लोखंडावर आहेत. पण किंमत तू कारखान्यातून निघालेल्या, सगळे भाग मूळचे असलेल्या रायफलची देणार आहेस आणि हातात येणार डेपोत जोडलेली. या दोघींत किमतीचा फरक फार मोठा असतो. विकणारा जर म्हणाला की हो ही रशियन कॅप्चर आहे आणि त्या हिशोबाने किंमत लावली, तर ही पहिली रायफल म्हणून अगदी चांगली. आज जी किंमत सांगतोय त्याला नको.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, जर्मन वस्तूंच्या बाजारात गरुडाचे शिक्के, एसएसच्या खुणा, स्नायपरचे स्कोप या गोष्टींनी किंमत झपाट्याने वाढते म्हणून नकलाही तिथेच सगळ्यात जास्त. रशियन मोसिन-नागांतच्या पीयू स्कोपवाल्या (पीयू ही सोव्हिएत स्नायपरची दुर्बीण) रायफलींचंही तेच, युद्धानंतर कित्येक स्नायपर रायफलींचे स्कोप काढून भोकं बुजवून त्या साध्या केल्या गेल्या, आणि आता त्यांनाच, किंवा कधीच स्नायपर नसलेल्यांनाही, नवा स्कोप लावून ‘ओरिजिनल’ म्हणून विकतात. नंबर ४ ची (टी) ही स्नायपर आवृत्ती पण तशीच. पहिल्या खरेदीत या वाटेला जाऊच नकोस, दहावी-बारावी रायफल घेशील तेव्हा बघ.

आता ती मळकट एनफिल्ड. मला ती जास्त आवडली, आणि का ते सांगतो.

लाँग ब्रांच हा कॅनडात, टोरांटोजवळचा कारखाना. युद्धात इथे नंबर ४ च्या नऊ लाखांच्या आसपास रायफली बनल्या, त्यामुळे ही काही दुर्मिळ चीज नाही, पण दर्जा चांगला. तुझ्या फोटोत रिसीव्हरच्या डाव्या बाजूला नाव आणि साल स्पष्ट आहे, नंबरच्या मधे ‘एल’ अक्षर आहे जे लाँग ब्रांचला असतंच, आणि मुख्य म्हणजे बोल्टच्या हँडलच्या मागच्या बाजूला तोच नंबर ठोकलेला आहे, कोरलेला नाही, अक्षरांची ठेवणही रिसीव्हरवरच्यासारखीच. म्हणजे दिसतंय त्यावरून बोल्ट मूळचा आहे. एनफिल्डमध्ये याला फार महत्त्व आहे कारण बोल्ट त्या त्या रायफलला बसवून दिलेला असायचा. मागची साइट ती साधी, दोन पायांची, ३०० आणि ६०० यार्डांची उलटसुलट करायची पट्टी, ती युद्धकाळात उत्पादन पटापट व्हावं म्हणून आली आणि १९४३ च्या रायफलवर ती शोभतेच. लाकडातलं ते ठिगळ ज्याने तुला नाराज केलं ते मी परत परत बघितलं. चौकोनी तुकडा बसवलाय, लाकडाच्या रेषा जुळवून, कडा इतक्या घट्ट की नख अडकणार नाही असं वाटतं. हे सैन्याच्या आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं, काम आहे असं मला वाटतं. कुणीतरी ही रायफल वापरात राहावी म्हणून वेळ देऊन दुरुस्त केली, मोडीत काढली नाही, यासाठीच तर आपण जुन्या वस्तू जमवतो ना.

पण फोटोवरून मी एनफिल्डलाही पास करत नाही, ती हातात घेऊन बघावी लागेल. हातात घेतलीस की पहिलं काम, नळी सुरक्षित दिशेला, मॅगझिन काढ, बोल्ट उघड, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, डोळ्याने बघ आणि बोट घालूनही बघ. विकणारा ‘रिकामी आहे’ म्हणाला तरी.

मग ही मार्क १ स्टार आहे की साधी मार्क १ ते बघ. कॅनडात आणि अमेरिकेत बनलेल्या बहुतेक नंबर ४ मार्क १ स्टार आहेत, त्यात बोल्ट बाहेर काढायला रिसीव्हरच्या उजव्या पट्टीत एक छोटी खाच कापलेली असते आणि तिथली कड हा या रायफलचा कच्चा दुवा. वर्षानुवर्षं बोल्टचं डोकं तिथे आपटून कडेचा टवका उडतो, टवका मोठा असला तर बोल्ट मागे-पुढे करताना डोकं पट्टीतून सुटून वर येतं. ती कड अखंड असली तर निम्मी काळजी मिटली. रिसीव्हरवर किंवा लाकडावर ‘डीपी’ असा शिक्का दिसला तर ती कवायतीसाठी काढलेली रायफल, गोळी झाडण्यासाठी नाही, आणि ‘झेडएफ’ दिसलं तर तिची अवस्था इतकी खराब होती की ती मोठ्या दुरुस्तीला परत पाठवलेली होती. दोन्ही शिक्के कुणी घासून काढले नाहीत ना तेही बघ, घासलेली जागा बाकीच्या धातूपेक्षा वेगळी चमकते.

बॅरल, म्हणजे नळी, उजेडाकडे धरून आतून बघ. गोळीला फिरकी देणाऱ्या दोनच खाचा दिसल्या तर घाबरू नकोस, युद्धात वेळ वाचवण्यासाठी लाँग ब्रांचने दोन खाचांची बॅरल्सही बनवली आणि ती नेम चांगली धरतात. आत थोडा काळपटपणा चालतो. चालत नाही ते खोल खड्डे, फुगवटा (आत अंगठीसारखी गडद रेघ दिसते), आणि नळीच्या तोंडाशी झालेली झीज. ही झीज गोळ्यांनी कमी आणि स्टीलच्या सळीने तोंडाकडून साफ केल्याने जास्त होते, त्यामुळे आतून चकचकीत बॅरलही तोंडाशी बाद असू शकतं. मोसिनमध्ये सोव्हिएत डेपोंनी असं झिजलेलं तोंड आतून थोडं मोठं करून नेमाची कड मागे, आत नेलेली सापडते, ती दुरुस्ती आहे, दोष लपवणं नव्हे.

हेडस्पेस मात्र डोळ्याने कळत नाही. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागे किती जागा राहते ते गेजनेच मोजायचं, आणि गोळी झाडायचा विचार असेल तर पहिल्या गोळीआधी चांगल्या गनस्मिथकडून मोजून घे, त्यात तडजोड नाही. नंबर ४ मध्ये बोल्टची डोकी शून्य ते तीन अशा चार मापांत यायची, त्यामुळे थोडाफार फरक दुरुस्त होतो. त्याच गनस्मिथकडून चेंबरचं कॅलिबरही तपासून घे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या रायफली आतून वेगळ्या असतात, इस्रायलने जुन्या कार ९८ के ७.६२ नाटोला बदलून घेतल्या, नॉर्वेने .३०-०६ ला, आणि भारतात इशापूरला बनलेली २ए ही जुन्या .३०३ एनफिल्डसारखीच दिसते पण ती ७.६२ नाटोची आहे. चुकीचं काडतूस चुकीच्या चेंबरमध्ये गेलं तर रायफल फुटू शकते आणि तुझा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

पुढे कधी दुसऱ्या देशांच्या रायफलींकडे वळशील म्हणून दोन धोके आत्ताच सांगून ठेवतो. अमेरिकन एम१९०३ स्प्रिंगफील्ड घेताना नंबर बघ, स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या रिसीव्हरांचं पोलाद तापवताना बिघडून ठिसूळ झालेलं असू शकतं, त्या भिंतीवर ठेवायच्या, झाडायच्या नाहीत. आणि जपानी आरिसाकासारख्या दिसणाऱ्या पण शाळेतल्या कवायतीसाठी बनवलेल्या रायफली बाजारात फिरतात, आत खाचा नसलेलं गुळगुळीत बॅरल, ओतीव लोखंडाचा रिसीव्हर, त्या फक्त गोळी नसलेल्या (ब्लँक) काडतुसांच्या आवाजापुरत्या होत्या. त्यात खरं काडतूस घालणं म्हणजे जीवाशी खेळ.

सर्प्लस काडतुसांबद्दलही एक. जुन्या लष्करी काडतुसांच्या, विशेषतः सोव्हिएत गटातल्या देशांच्या, प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळालं की बॅरलमध्ये एक प्रकारचं मीठ उरतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. तेलाने ते मीठ निघत नाही. गरम पाण्याने बॅरल आणि बोल्टचं तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, मग तेल, आणि हे त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलंस तर गंजाचा पहिला थर दिसायला लागतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न, ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. घासून पॉलिश मारू का? नको रे. हात जोडून सांगतो, नको. सँडपेपर त्या लाकडाला लावूच नकोस. त्या लाकडात तपासनीसांचे छोटे शिक्के दाबलेले आहेत, एक मिलिमीटरही खोल नाहीत, सँडपेपरचे चार हात फिरले की कायमचे गेले. टवके, तेलाचे डाग, हाताळून गुळगुळीत झालेली मुठीत धरायची जागा, हे सगळं गेलं की राहतं काय, एक नवं लाकूड आणि एक जुनी नळी. असं काम केलेल्या रायफलची किंमत जाणकार लगेच खाली आणतात, पण मला किमतीपेक्षा जास्त वाईट याचं वाटतं की ऐंशी वर्षं टिकलेली गोष्ट आपण एका रविवारी पुसून टाकतो. बॅरल कापून, लाकूड छाटून शिकारीच्या रायफली केलेल्या हजारो एनफिल्ड आणि माउझर जगभर पडल्या आहेत, त्यातली एकही आता मूळची होणार नाही.

करायचं ते एवढंच. वरचं जुनं ग्रीस असेल तर मिनरल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ फडक्याने, भरपूर हवा असलेल्या जागी, आगीपासून लांब. लाकडात मुरलेलं ग्रीस एका दिवसात निघणार नाही, ते उन्हात ठेवलं की घामासारखं वर येतं, पुसायचं, परत ठेवायचं. लाकूड कोरडं वाटलं तर कच्च्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, बोटाने चोळून, उरलेलं पुसून टाकायचं, ब्रिटिश सैन्यातही हेच तेल वापरायचे. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळव. धातूवर वरवरचा गंज असेल तर तेल आणि मऊ पितळी ब्रश, हळूहळू. जुना काळा-तपकिरी रंग खरवडायचा नाही, परत काळं करून घ्यायचं नाही.

तर या आठवड्यात असं कर. माउझरवाल्याला फोन करून सरळ विचार की बोल्टवरचा नंबर कोरलेला का आहे आणि बँडवरचा वेगळा का आहे, भांडायच्या सुरात नाही, माहिती म्हणून. त्याचं उत्तर ऐकून तुला माणूस कळेल. एनफिल्डवाल्याकडून चार फोटो माग, उजव्या पट्टीतली ती खाच जवळून, बॅरलचं तोंड समोरून, बोल्टचं डोकं ज्यावर मापाचा आकडा असतो, आणि वरची लाकडी पट्टी काढून तिच्याखालचं बॅरल, कारण गंज लाकडाच्या आतच लपतो आणि तिथपर्यंत बहुतेक लोक बघतच नाहीत. पट्टी काढायला तो नाही म्हणाला तर समजून घे, सगळ्यांना खोलायला आवडत नाही, पण मग प्रत्यक्ष जाऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. फोटो आले की मला पाठव, मी बघतो.